चिमण्यांचे दाणे आणि रात्रीचे पाहुणे

मागच्या वेळी आम्ही गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो आणि पुढच्या भाषणात बँकेच्या कर्जाबद्दल सांगू असं म्हटलं होतं. ते पुढे ढकललं आहे. आज उंदरांबद्दल बोलायचंय. हसू नका. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या गटाचा धंदा या उंदरांनी जवळजवळ बसवला होता, आणि त्यांना हाकलायच्या नादात आमच्या हातून त्याहून मोठी चूक होता होता राहिली. ती चूक सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगणार आहोत.

आमचा गट डोंबिवली पूर्वेचा. बारा जणी आहोत. भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यात कुरडया-पापड आणि गणपतीत उकडीच्या मोदकांची पिठी, असं आमचं काम चालतं. ज्या खोलीत काम करतो ती एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्याला आहे. खोली आजींची. आजी मूळच्या गिरगावातल्या. दहा बाय बाराच्या खोलीतून निघून कितीतरी मराठी कुटुंबं तेव्हा डोंबिवलीत दोन खोल्यांचा ब्लॉक घेत होती, त्यांतलंच हे एक. आजोबा रेल्वेत होते. ते गेल्यावर आजींनी बाजूची खोली आम्हाला वापरायला दिली. भाडं घेत नाहीत, लाइटबिल तेवढं आम्ही भरतो. ‘पोरींचा आवाज असला की घर खायला उठत नाही,’ म्हणतात.

खोलीच्या मागे परसू आहे. डोंबिवलीत आता परसू म्हणजे चैनच. पेरूचं एक झाड, कढीपत्ता, जास्वंद, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची तार, मग कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे नाला. तिथल्या ओट्यावर आजी रोज सकाळी दोन वाट्या बाजरी आणि तांदळाची कणी पसरायच्या. संध्याकाळी उरलेल्या पोळीचा कुस्करा. हे आजोबांचं व्रत होतं, ते त्यांनी पुढे चालू ठेवलं. चिमण्या यायच्या, साळुंक्या यायच्या, पेरूवर बुलबुल बसलेला असायचा. आणि कबुतरं तर विचारूच नका.

आता मूळ गोष्ट. गणपतीच्या आधी बारा दिवस आम्हाला चाळीस किलो मोदक पिठीची ऑर्डर होती. ज्यांनी पिठी केली आहे त्यांना माहीत आहे, आंबेमोहोर तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, निथळायचा, सावलीत कपड्यावर पसरून खडखडीत वाळवायचा आणि मग दळायचा. श्रावण-भाद्रपदात हवा इतकी दमट, की एका दिवसात तांदूळ वाळत नाही. पंखा लावून रात्रभर ठेवावा लागतो. चौदा किलोचा पहिला घाणा आम्ही असाच जुन्या धुतलेल्या धोतरांवर पसरून, दार लावून घरी गेलो.

सकाळी दार उघडलं तर तांदळावर पावलांची रांगोळी. मधेमधे लेंड्या. एका कोपऱ्यात धोतर कुरतडून कापूस केलेला.

खोलीत आम्ही पाच जणी होतो. कोणी काही बोलेना. मग एकीनं हळूच म्हटलं, ‘पंधरा-वीस लेंड्या असतील. निवडून टाकू, परत एकदा धुऊन घेऊ. दळल्यावर कोणाला कळतंय?’ मैत्रिणींनो, तिला नावं ठेवू नका. त्या तांदळाचे साधारण १,३०० रुपये झाले होते, ते गटाच्या खात्यातून उचललेले होते आणि दोन दिवसांची मेहनत वेगळी. आमच्या सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं, तिनं फक्त बोलून दाखवलं. पण लेंडी निवडता येते, उंदराचं मूत निवडता येत नाही. ते दिसतच नाही. आणि पिठी जाणार होती नैवेद्याला, त्याआधी घराघरांतल्या लहान मुलांच्या ताटात. अर्धा तास वाद झाला. शेवटी टाकायचं ठरलं. मग तीच बाई म्हणाली, ‘निदान आजींच्या पाखरांना तरी घालू.’ तेव्हा पहिल्यांदा आमच्यातल्या एकीच्या डोक्यात दिवा लागला, ‘अगं, ही उंदरं पाखरांच्या दाण्यांवर तर पोसली जात नाहीत ना?’

आजींना हे एकदम विचारायची कोणाची छाती नव्हती. म्हणून आधी बघायचं ठरवलं. त्या रात्री आम्ही दोघी खोलीत थांबलो, दिवे बंद करून, मागच्या खिडकीत टॉर्च घेऊन. साडेनऊपर्यंत काही नाही. दहाच्या सुमारास टाकीच्या खालून एक आला. मग पेरूवरून एक उतरला. मग नाल्याकडच्या भिंतीच्या खालून घूस आली, मांजराच्या पिल्लाएवढी, अगदी घरच्यासारखी. ओट्यावर आणि ओट्याखाली जे दाणे सांडलेले होते ते सगळे मिळून वेचत होते. आम्ही सात मोजले. पोळीचा कुस्करा तर सगळ्यात आधी संपला. तिथून पोट भरल्यावर आमच्या खोलीत यायला त्यांना वाट सरळ होती: मोरीचं पाणी जायच्या भोकाला जाळी नव्हती.

इथे थोडं माहितीचं सांगतो. पाखरं दिवसा खातात आणि उंदीर बहुतेक करून रात्री. म्हणून दाणे घालणाऱ्याला उंदीर कधी दिसत नाहीत. त्याला वाटतं सगळं पाखरांनीच खाल्लं. शिवाय पाखरं सांडतात फार. चिमणी दाणा सोलून खाते, कबुतर चोच मारून आजूबाजूला उडवतं. खाली पडलेलं ते रात्रीचं ताट. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात. म्हणजे रोजचं अन्न, नाल्याचं पाणी आणि टाकीखालचा आडोसा, एवढं मिळालं की दिवाळीपर्यंत त्यांची वाडीच वसते.

आता आमची चूक.

ऑर्डर डोक्यावर होती, डोकं फिरलं होतं. आमच्यातल्या तिघींनी बाजारातून उंदीर मारायच्या पेस्टची ट्यूब आणली आणि आजींना न सांगता रात्री पोळीच्या तुकड्यांना लावून परसात चार ठिकाणी ठेवली. सकाळी लवकर येऊन उचलू असं ठरलं होतं. सकाळी पाऊस, गाड्या उशिरा, मुलांचे डबे, सगळ्याच उशिरा पोचलो. तोपर्यंत आमच्याच एका सदस्येचा तीन वर्षांचा नातू मागच्या दारानं परसात गेला होता. तिनं वळून पाहिलं तेव्हा पोळीचा तुकडा त्याच्या हातात होता आणि हात तोंडाकडे चालला होता.

तिनं फटका मारून तो तुकडा उडवला. पोरगं रडायला लागलं. त्यानं खाल्लं होतं की नव्हतं, कोणाला सांगता येईना. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. बरोबर ट्यूबचं खोकं नेलं होतं, एवढी अक्कल मात्र सुचली. डॉक्टरांनी खोकं वाचलं, मुलाला तपासलं, रक्त घेतलं, दोन दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. त्यानं खाल्लेलं नव्हतं. आज ठणठणीत आहे. पण ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. ट्यूबमधल्या त्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्याच्यावर उतारा नाही. पहिल्या दिवशी माणूस बरा वाटू शकतो, आणि मग दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागतं. झिंक फॉस्फाइडची काळी पूड येते, तिच्यावरही उतारा नाही. रंगीत केक किंवा वड्या येतात त्या बहुतेक रक्त न गोठू देणाऱ्या विषाच्या असतात. त्यांच्यावर के जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण वेळेत कळलं तर, कारण त्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात. म्हणून घरात कोणी असं काही खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी ‘बघू, उलटी होतेय का’ म्हणून थांबायचं नाही, घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. खोकं घ्यायचं आणि थेट दवाखाना, नाहीतर १०८ ला फोन.

त्याच दिवशी दुपारी पेरूखाली कावळा मेलेला सापडला. एक तुकडा कमी होता. विष उंदरालाच जाईल असं नसतं. मेलेला किंवा झिंगलेला उंदीर मांजर खाते, घार उचलते, घुबड उचलतं. गव्हाणी घुबड, ज्याला आपण अपशकुनी म्हणून हाकलतो, ते तर उंदरांवरच जगतं. आम्ही उंदीर मारायला निघालो होतो आणि उंदीर खाणाऱ्यांनाच विष घालत होतो.

आजी आमच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘पोरींनो, माझ्या दाण्यांमुळेच हे झालं. उद्यापासून बंद करते.’ आणि खरंच केलं. सकाळी सात वाजता चिमण्या आल्या, ओट्यावर टुणटुण करून गेल्या. आजी खिडकीत होत्या. दुसऱ्या दिवशी खिडकीतही आल्या नाहीत. त्यांची सून आम्हाला म्हणाली, ‘ताई, सकाळी उठायचंच कशाला असं म्हणतात.’

मैत्रिणींनो, आम्हाला हवं होतं तेच झालं होतं, आणि आमच्यातली एकही खूश नव्हती. खोली जाईल ही भीतीही होती, ते खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त, ज्या बाईनं आम्हाला उभं केलं तिची सकाळ आम्ही काढून घेतली होती. म्हणून बैठकीत विषय घेतला, इतिवृत्तात लिहिला, ‘पाखरं राहतील आणि उंदीर जातील असं काही करता येतं का?’

आधी काय काय फसलं ते सांगतो. डांबराच्या गोळ्या टाकल्या. खोलीला वास आला, तांदळाला वास आला, उंदरांना काही झालं नाही. पुदिन्याचं तेल एकीनं कुठे वाचलं होतं, तेही करून झालं. प्लगला लावायचं, आवाज काढणारं यंत्र एका ताईंच्या मुलानं मागवलं, आम्हाला तरी त्याचा काडीचा फरक दिसला नाही. चिकट पॅड आणलं नाही ते बरं, कारण त्यावर उंदीर तडफडत राहतो आणि परसात ठेवलं तर चिमणी, सरडा, पाल, जे येईल ते चिकटतं. केंद्राच्या पशुकल्याण मंडळानंही या पॅडवर बंदी घाला असं राज्यांना कळवलेलं आहे.

पिंजरा मात्र चालला. सुका बोंबील लावला की दोन-तीन रात्रींत उंदीर येतो. पहिल्या रात्री येत नाही, कारण नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. म्हणून दोन रात्री दार बांधून उघडाच ठेवायचा, खाऊ द्यायचं, आणि तिसऱ्या रात्री चाप लावायचा. पण पकडलेल्याचं करायचं काय? बाप्पाचं वाहन, त्यात गणपती आठ दिवसांवर. पहिला उंदीर आम्ही रुळांच्या पलीकडे सोडायला गेलो. तिथल्या बायकांनी आम्हाला पाहिलं आणि असं काही झापलं, की पिंजरा घेऊन परत आलो. त्यांचं बरोबरच होतं. आपला उंदीर दुसऱ्याच्या दारात सोडणं म्हणजे आपला कचरा त्यांच्या दारात टाकण्यासारखंच. पुढचे पाच-सहा इमारतीच्या सफाईच्या दादांनी नेले. त्यांनी काय केलं ते आम्ही विचारलं नाही. एवढे काही आम्ही साधू नाही.

पण पिंजऱ्यानं संख्या तात्पुरती कमी होते. अन्न आणि वाट तशीच असेल तर नाल्यातून दुसरे येतात. खरा फरक पडला तो पुढच्या तीन-चार गोष्टींनी.

पहिली म्हणजे दाण्यांची वेळ आणि माप. आजींना आम्ही सांगितलं, बंद करू नका, सकाळी सातलाच घाला, पण दोन वाट्यांऐवजी एक मूठ. अर्ध्या तासात जेवढं संपेल तेवढंच. ओट्यावर पसरायचं नाही, ताटलीत घालायचं. ताटली मोठी आणि काठाची, म्हणजे सांडलेलंही तिच्यातच राहतं. नऊ वाजता ताटली आत, धुऊन पालथी. ओटा झाडून घ्यायचा. पोळीचा कुस्करा, शेव, फरसाण, बिस्किटं बंद, पाखरांना ते हवंही नसतं. भांडं रोज धुतलं नाही तर पाखरांमध्येही आजार पसरतात, तेही एक कारण.

दुसरी, ताटली टांगायची कुठे. पहिल्यांदा आम्ही ती कपड्यांच्या तारेला टांगली आणि फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. रात्री एक ताटली मुद्दाम बाहेर ठेवून परीक्षा घेतली. काळा उंदीर तारेवरून सर्कशीतल्यासारखा चालत आला. मग एकीच्या नवऱ्यानं युक्ती केली. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्यांना बुडाला भोक पाडून त्या तारेत ओवल्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन. उंदीर बाटलीवर पाय ठेवतो, बाटली गरकन फिरते, तो खाली. दोन रात्री आम्ही हा खेळ बघितला, तिसऱ्या रात्री तो आलाच नाही. कोकणातल्या मैत्रिणींना हे नवीन वाटणार नाही. माडावर उंदीर चढू नये म्हणून खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, तेच तत्त्व. आम्ही पेरूलाही तसाच पत्रा लावला आणि भिंतीकडे गेलेल्या फांद्या छाटल्या.

तिसरी, बिळं. दिसलं बीळ की बुजव, असं केलं तर उंदीर शेजारी दुसरं करतो. आधी संध्याकाळी प्रत्येक बिळात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर खुपसायचा. सकाळी जो बोळा बाहेर ढकललेला असेल ते चालू बीळ. आमच्याकडे अकरांपैकी चारच चालू निघाली. पिंजरे त्यांच्याजवळ लावले, आणि तीन दिवस बोळा हलला नाही तेव्हा काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवली. मोरीच्या भोकाला लोखंडी जाळी बसवली. पाइपाच्या कडेची फट तारेच्या घासणीचे बोळे कोंबून वरून सिमेंट लावून बंद केली. नुसतं लाकूड, थर्माकोल, प्लॅस्टिक उंदीर कुरतडतो. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. आणि फट केवढी बुजवायची, तर पिटुकल्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी पुरते. दाराखाली पत्र्याची पट्टी लावा, आमच्याकडे ती २५० रुपयांत झाली. टाकलेल्या तांदळाच्या मानानं काहीच नाही.

आणि आमची खोली. गोणीत काही ठेवायचं नाही हा नियम झाला. सगळं पत्र्याच्या, स्टीलच्या डब्यांत. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे मागे झाडता येतं आणि लेंडी पडली तर दिसते. वाळवणाचा तांदूळ आता खाटेएवढ्या चौकटीत असतो, वरखाली बारीक लोखंडी जाळी.

सफाईबद्दल एक गोष्ट आवर्जून. लेंड्या दिसल्या की आपण पहिल्यांदा काय करतो? केरसुणी घेतो. तसं करू नका. कोरडं झाडलं की धूळ उडते आणि नाकात जाते. आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, हातात पिशवी किंवा मोजे घालून फडक्यानं पुसून घ्या, मग हात साबणानं.

कारण हा नुसता नासाडीचा प्रश्न नाही. लेप्टोस्पायरोसिस, ज्याला आपण लेप्टो म्हणतो, तो उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाला खरचटलेलं असेल तिथून शरीरात शिरतो. कुत्र्यांच्या, गुरांच्या मुतातूनही येतो, पण आपल्याकडे मुख्य उंदीर-घुशी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात या तापानं माणसं गेली. आमच्या एका सदस्येचे दीर रिक्षा चालवतात. दोन वर्षांपूर्वी गुडघाभर पाण्यातून रिक्षा ढकलत आणली, आठवड्यानं ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहवेना, डोळे लाल. तीन दिवस साधा ताप म्हणून गोळ्या खाल्ल्या. मग डोळे पिवळे झाले तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. वाचले, पण दोन महिने रिक्षा उभी होती. लवकर कळलं तर साध्या प्रतिजैविकांनी हा ताप बरा होतो. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, त्यात पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना जाऊन सांगा, ते प्रतिबंधाची गोळी द्यायची का ते ठरवतील. आपल्या मनानं घेऊ नका.

उंदीर आणि धान्य ही जोडी आपल्याला नवी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो आधी मांडवीत, बंदराजवळ, धान्याच्या गोदामांच्या भागात. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढे तो पुण्याला पोचला आणि प्लेगची लागण झालेल्या मुलाला पाठीवरून दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं गेल्या. तेव्हा घरात उंदीर मरून पडले की माणसं घर सोडून माळावर राहायला जायची. आजींच्या आजेसासूबाई असं राहिल्याचं त्या सांगतात. आपल्याला कुठे जायला माळ आहे?

कबुतरांबद्दल आम्ही मुद्दाम शेवटी बोलतोय, कारण यावर भांडणं होतात. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं. ठाण्यातही कबुतरांना दाणे टाकल्यास ५०० रुपये दंड, असे फलक महापालिकेनं लावले होते. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला बाधते, विशेषतः ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना. आणि उंदरांच्या दृष्टीनं पाहिलं तर जिथे किलोनं दाणे ओततात तिथे त्यांचीही पंगत बसते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना आम्ही दुखावत नाही. पण आमच्या परसात मुठीचा नियम झाल्यावर कबुतरं आपोआप कमी झाली. त्यांना एक मूठ पुरत नाही, ती दुसरीकडे गेली. चिमण्यांना पुरते.

एकीनं विचारलं, चिमण्या कमी झाल्यात म्हणून तर सगळे दाणे घालायला लागले ना? हो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २० मार्च २०१० पासून जागतिक चिमणी दिवस सुरू झाला, तेव्हापासून आपल्या गॅलऱ्यांमध्ये लाकडी घरटी आणि दाण्यांचे डबे आले. चांगलंच झालं. पण चिमणी पिल्लांना दाणे भरवत नाही, अळ्या-किडे भरवते. त्यामुळे आजींनी आता दाण्यांचे पैसे वाचवून तगर आणि आणखी एक जास्वंद लावली आहे. झाडावर कीड येऊ देतात, फवारत नाहीत. कढीपत्त्याला काळी फळं धरली की बुलबुल स्वतःच येतो. शिंजीर जास्वंदीवर येतो, त्याला तुमचा दाणा नकोच असतो. पाण्याचं मातीचं पसरट भांडं मात्र वर्षभर ठेवा, रोज बदला, नाहीतर डास होतील आणि मग आम्हाला डेंग्यूवर भाषण करावं लागेल.

ज्यांच्याकडे परसू नाही, चौथ्या मजल्याची गॅलरी आहे, त्यांनी असं समजू नये की उंदीर वर येत नाही. पाइपावरून येतो. ग्रिलमध्ये ठेवलेली कांद्याची टोपली, कुंड्यांमागचे जुने पेपर, वॉशिंग मशिनची खालची बाजू, हे आधी बघा. आणि चिचुंद्री दिसली, लांब नाकाची, घाण वासाची, तर तिला मारू नका. ती उंदीर नाही, झुरळं खाते.

त्या वर्षीची चाळीस किलो पिठी आम्ही दिली. उरलेले दोन घाणे एका सदस्येच्या पलावाच्या फ्लॅटमध्ये, तिच्या बेडरूममध्ये, एसी लावून वाळवले. तिचे यजमान तीन रात्री हॉलमध्ये झोपले. नफा जवळजवळ काही उरला नाही. त्या चौदा किलोंचा खर्च आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला, विष आणणाऱ्या तिघींवर वेगळा दंड लावायचा का यावर चर्चा झाली, आणि आजींनीच तो रद्द करायला लावला.

या वर्षी बोळे आम्ही दर महिन्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी खुपसतो. श्रावणात एक हललेला निघाला, टाकीच्या मागचा. पिंजरा लावलाय. आजी सकाळी सातला मूठभर बाजरी घालतात, नऊला ताटली आत घेतात आणि कधी विसरल्या तर आमच्यातली कोणीतरी घेते. काल साडेनऊला आम्ही पोचलो तेव्हा ताटली बाहेरच होती आणि आजी खिडकीतून म्हणाल्या, ‘राहू दे गं पाच मिनिटं, मागून आलेली एक खातेय अजून.’ आम्ही पाच मिनिटं थांबलो.

कर्जाचं पुढच्या वेळी नक्की.